परिचारिकांची शिक्षिका मिस लिंडा रिचर्ड्स

मुलांस नाव देताना आईबाप आपल्या मनातील आशाही त्या नावात गुंफून ठेवितात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात वेस्ट पॉट्सडॅम नावाचे खेडे आहे. तेथे ता. २७ जुलै १८४१ रोजी सँफर्ड रिचर्ड्स नामक एका उपदेशकास कन्या झाली, तेव्हा त्याने तिचे नाव मालिंडा अ‍ॅन जडसन असे ठेविले. अ‍ॅन जडसन ह्या अमेरिकन बोर्डाने १८१२ साली पूर्वेकडे धाडलेल्या पहिल्या मिशनरी मंडळींपैकी होत. त्याच मंडळीतील हॉल व नॉट हे दोघे १८१३ साली मुंबईस उतरले व त्यांजपासून अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ झाला. अ‍ॅनबाई आपल्या पतीबरोबर ब्रह्मदेशी गेल्या, आणि तेथे पती बंदिवासात असता त्यांनी त्यास अन्न पोहोचवून जगविले. आपल्या कन्येनेही अशाच दूर देशी जाऊन सेवा करावी, ही रिचर्ड्स उपदेशकाची इच्छा. ती इच्छा पुढे पुरी झाली खरी. परंतु ज्या कामाबद्दल आज आम्ही लिंडाबाईंचे चरित्र सांगावयास बसलो आहो, ते काम त्यांच्या हाती वयाची साठी जवळ आल्यावर आले, आणि ते परदेशी नसून त्यांच्या घरापासून फार दूरही नव्हते.

लिंडा चार वर्षांची असता रिचर्ड्स कुटुंब पश्चिमेकडे विस्कॉन्सिन प्रांतात राहावयास गेले. तेथे पोचून काही आठवडे होतात न होतात तोच क्षयाने बापाचा अंत झाला. आई मुलींस घेऊन व्हर्मंट राज्यात आपल्या माहेरी परतली. पुढे तिलाही त्याच रोगाने गाठले, आणि १८५४ साली तीही वारली. तेरा वर्षांची लिंडा आईच्या उशाशी बसून तिचे सर्व काही करीत असे. शेजारीपाजारी कोणी आजारी पडले की तिला बोलावणे येऊ लागले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी अमेरिकेच्या खेड्यांत अशी समजूत होती की, शुश्रूषा ही शिकण्याची विद्या नसून काही स्त्रियांच्या अंगी ती जन्मतःच असते. आमच्याकडेही अमकीच्या हाताला गुण आहे असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. लिंडा अशा जन्मजात शुश्रूषा करणाऱ्यांत गणली जाऊ लागली. तिच्या ठिकाणी दुसरी कोणी असती तर ह्या स्तुतीवर संतुष्ट राहून तिने सारा जन्म शेजाऱ्यांची पाठ चोळण्यात घालविला असता. लिंडाबाईंचे मोठेपण आम्हांस ह्यात दिसते की, जी देणगी आपल्या अंगी आहे असे सारे जग म्हणत होते, तेवढ्याने भागत नाही हे त्यांनी स्वतः जाणले, आणि ते त्या जन्मभर इतरांस सांगत राहिल्या.

हे त्यांनी दुःखाने जाणले. १८५६ साली त्या सेंट जॉन्सबरी येथील शाळेत शिक्षिकेच्या तयारीसाठी गेल्या व मग काही वर्षे शिकवीत होत्या. जॉर्ज पूल नावाच्या तरुणाशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. इतक्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. पूल लढाईवर गेला, जबर जखमी झाला आणि १८६५ साली घरी परतला तो अंथरुणास खिळूनच. चार वर्षे लिंडाबाईंनी त्याची सेवा केली. १८६९ साली तो मरण पावला. बाप, आई आणि भावी पती, अशी तीन माणसे गेली. त्यांपैकी दोघांची सेवा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती, प्रेमाने केली होती, आणि तरीही ती गेली. त्यानंतर त्यांनी विवाहाचा विचार केला नाही. बॉस्टन शहरी जाऊन इस्पितळात काम करण्याचे त्यांनी ठरविले.

बॉस्टनच्या सरकारी इस्पितळात त्यांस जागा मिळाली, पण शिक्षण मात्र मिळाले नाही. तेथे शुश्रूषा करणाऱ्या बायांस मोलकरणीहून फारसे वरचे स्थान नव्हते. जमीन पुसणे, भांडी घासणे आणि सांगितलेले मुकाट्याने करणे, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. थोड्याच महिन्यांत लिंडाबाईंनी ती नोकरी सोडिली. पण त्या घरी परतल्या नाहीत. त्याच शहरात स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी न्यू इंग्लंड हॉस्पिटल म्हणून एक इस्पितळ होते, ते स्त्री डॉक्टरांनीच चालविलेले होते. झुरिच येथे वैद्यकी शिकून आलेल्या डॉक्टर सूझन डिमॉक ह्यांनी तेथे १८७२ साली परिचारिकांचा वर्ग उघडिला, आणि त्यात पहिले नाव लिंडाबाईंचे लागले.

ह्या वर्षाची हकीकत आमच्या मुलींनी जरूर ऐकावी. पहाटे साडेपाचास उठावयाचे, रात्री नऊपर्यंत काम. निजावयाची खोली रोग्यांच्या दालनालगतच, म्हणजे रात्री कोणी हाक मारली तर उठणे आलेच. दोन आठवड्यांतून एक दुपार काय ती मोकळी. अभ्यासासाठी निराळा वेळ नाही, पाठ्यपुस्तक नाही, शेवटी परीक्षाही नाही. नाडी मोजणे, ताप पाहणे, श्वास मोजणे हे रोग्याच्या खाटेजवळ उभे राहूनच शिकावयाचे. सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की, औषधांच्या बाटल्यांवर नावे नसून केवळ अंक असत. आपण कोणते औषध देत आहो हे परिचारिकेस कळू नये अशी खबरदारी घेतली जाई. ज्ञान दिले तर ती डॉक्टरच्या वरचढ होईल अशी भीती त्या काळी पुष्कळांस वाटे. तरी लिंडाबाईंनी वर्ष पुरे केले. १८७३ साली त्यांस प्रमाणपत्र मिळाले आणि अमेरिकेतील पहिली शिक्षित परिचारिका म्हणून त्यांचे नाव इतिहासात गेले.

ह्यापुढील पंचवीस वर्षे झपाट्याने सांगतो, कारण ती सर्व एकाच साच्याची आहेत. ज्या इस्पितळात व्यवस्था नाही तेथे जावयाचे, परिचारिकांची शाळा काढावयाची किंवा असलेली सुधारावयाची, ती पायांवर उभी राहिली की दुसरीकडे जावयाचे. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात त्या रात्रपाळीच्या प्रमुख होत्या. तेथे रात्री रोग्याचे काय झाले हे लिहून ठेवण्याची चाल त्यांनी पाडिली. आज प्रत्येक खाटेशी लोंबणारा तक्ता पाहून कोणास नवल वाटत नाही, पण तो लिहावा हे प्रथम कोणाला तरी सुचावे लागले. १८७४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील शाळा त्यांनी हाती घेतली. १८७७ साली त्या इंग्लंडास गेल्या, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची त्यांनी भेट घेतली, आणि लंडनचे सेंट टॉमस व किंग्ज कॉलेज ही इस्पितळे व एडिंबरोचे इस्पितळ बारकाईने पाहून परतल्या. मग ज्या बॉस्टनच्या सरकारी इस्पितळातून त्या पूर्वी काही न शिकता बाहेर पडल्या होत्या, तेथेच त्यांनी परिचारिकांची शाळा चालविली. तेथील मुख्य डॉक्टर एडवर्ड काउल्स हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येईल.

१८८५ च्या शेवटी अमेरिकन बोर्डाने त्यांस जपानास धाडिले आणि वडिलांची आशा पुरी झाली. नीजिमा जो ह्या जपानी ख्रिस्ती गृहस्थांनी क्योतो येथे दोशिशा नावाची विद्यासंस्था काढिली होती. तिच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर जॉन बेरी होते. लिंडाबाईंनी १८८६ साली तेथे परिचारिकांची शाळा सुरू केली. पंचेचाळिसाव्या वर्षी जपानी भाषेची धुळाक्षरे गिरविली. आणि १८८८ साली त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी शिकून बाहेर पडल्या. १८९० पर्यंत त्या तेथे होत्या. मायदेशी परतल्यावर फिलाडेल्फिया, ब्रुकलिन, हार्टफर्ड अशा ठिकाणच्या इस्पितळांत त्यांचे तेच काम पुन्हा चालू झाले. १८९४ साली अमेरिकेतील परिचारिका-शाळांच्या प्रमुखांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांस देण्यात आले. मान मिळाला, वयही झाले. आता एखाद्या मोठ्या शहरी इस्पितळात सुखाने दिवस काढावे, असे कोणीही म्हटले असते. परंतु १८९९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या टाँटन येथील वेड्यांच्या इस्पितळात गेल्या.

‘वेडा’ हा शब्द आम्हांस आवडत नाही. आज सुज्ञ लोक तो टाकून मनोरुग्ण म्हणतात हे योग्यच होय. पण त्या संस्थांच्या पाट्यांवर तोच शब्द होता, म्हणून त्यांची नावे सांगताना तो ठेवणे भाग आहे.

आता त्या काळच्या ह्या इस्पितळांची स्थिती सांगितली पाहिजे. तिजवाचून लिंडाबाईंच्या ह्या पावलाचा अर्थ कळणार नाही. ज्या साली लिंडाबाई जन्मल्या त्याच साली, म्हणजे १८४१ मध्ये, डोरोथिया डिक्स नावाची एक शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधील एका तुरुंगात स्त्रियांस शास्त्रपाठ शिकविण्यास गेली असता तिने थंडीने काकडणारी मनोरुग्ण माणसे कैद्यांत कोंडलेली पाहिली. पुढे ती बाई गावोगाव हिंडली, तळघरांत व पिंजऱ्यांत ठेवलेल्या मनोरुग्णांची टिपणे केली, कायदेमंडळांपुढे अर्ज नेले. तिच्या व तिच्यासारख्यांच्या खटपटीने राज्याराज्यांतून मोठमोठी इस्पितळे बांधली गेली किंवा वाढविली गेली. भिंती उभ्या राहिल्या. परंतु त्या भिंतींच्या आत रोग्याजवळ रात्रंदिवस कोणी राहावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

डॉक्टर दिवसातून एकदा फेरी मारून जाई. बाकीचे सर्व तास रोगी राखणदारांच्या हाती असे. राखणदार नेमताना त्याचे दंड पाहात, विद्या पाहात नसत. पगार थोडा, काम पहाटेपासून रात्रीपर्यंत, निजणे रोग्यांच्या दालनातच. बरीच माणसे काही महिन्यांत कंटाळून निघून जात व त्यांच्या जागी तशीच नवी येत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हाताशी चामड्याचे पट्टे, बाह्या बांधलेला अंगरखा व एकांतकोठडी, एवढी त्यांची हत्यारे. हे सर्वच लोक क्रूर होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांत दयाळू माणसेही पुष्कळ असतील. परंतु दयाळू माणूस जेव्हा भितो, आणि आपण काय करावे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, तेव्हा त्याचाही हात पट्ट्याकडेच जातो. क्लिफर्ड बिअर्स नावाचा येल विद्यापीठाचा पदवीधर १९०० ते १९०३ पर्यंत कनेटिकट राज्यात अशा संस्थांत रोगी म्हणून होता. बरा झाल्यावर त्याने १९०८ साली ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ ह्या पुस्तकात राखणदारांच्या हातून आपणास व इतरांस काय सोसावे लागले ते नमूद केले, तेव्हा साऱ्या अमेरिकेत खळबळ उडाली. लिंडाबाई त्यापूर्वी नऊ वर्षे ह्याच कामाला लागलेल्या होत्या.

ह्या क्षेत्रात त्या अगदीच एकट्या नव्हत्या. वर सांगितलेले डॉक्टर काउल्स १८७९ साली बॉस्टनजवळील मॅक्लेन आश्रमाचे प्रमुख झाले, आणि सामान्य इस्पितळात परिचारिकांच्या शिक्षणाने काय होते हे पाहिलेले असल्यामुळे त्यांनी १८८२ साली तेथे मनोरुग्णांच्या शुश्रूषेची शाळा काढिली. पुढे पुरुषांसही तेथे शिक्षण मिळू लागले. पण मॅक्लेनमध्ये बहुधा पैसेवाल्या घरचे रोगी येत. सरकारी इस्पितळांत गरिबांची दाटी होती, आणि तेथे जाण्यास शिकलेल्या परिचारिका राजी नसत. कोणी म्हणे, तेथे शिकण्यासारखे काय आहे? कोणी म्हणे, तेथे काम केले तर पुढे चांगल्या इस्पितळात जागा मिळणार नाही. लिंडाबाईंसारखी वडील व नामांकित स्त्री स्वतः तेथे गेली, ह्याचे मोल ह्या कुरकुरीच्या पार्श्वभूमीवर समजते. टाँटननंतर त्यांनी वूस्टर येथील व मग मिशिगन राज्यात कॅलमझू येथील अशाच इस्पितळांतून परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहिली.

त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याचे शरीर आजारी आहे त्याला जेवढी काळजीपूर्वक शुश्रूषा मिळते, निदान तेवढी तरी ज्याचे मन आजारी आहे त्याला मिळाली पाहिजे. ऐकावयास हे इतके सरळ वाटते की, ह्यात नवे ते काय असे कोणी विचारील. पण हे वाक्य खरे करावयाचे म्हटले की किती शिकावे लागते ते पाहा. एक रोगी जेवत नाही. अशिक्षित राखणदार म्हणतो, हट्टी आहे. शिकलेली परिचारिका पाहते की, अन्नात कोणी विष घातले असा त्याला भ्रम आहे काय, की त्याची दाढ दुखते आणि ते त्याला सांगता येत नाही? एका रोग्याचा ताप वाढला आहे, छातीत कफ भरला आहे, पण तो आपल्याच विचारांत इतका गढलेला की तक्रार करीत नाही. नाडी व श्वास मोजण्याची सवय नसेल तर तो मरेपर्यंत कोणास कळत नाही. बराच काळ उदास असलेला एखादा रोगी एकाएकी शांत झाला, तर राखणदार निश्चिंत होतो. शिकलेली परिचारिका त्याच रात्री अधिक जागते, कारण जिवाचे काही करून घेण्याचा निश्चय झाल्यावरही अशी शांती येते हे तिला ठाऊक असते. त्या काळी खवळलेल्या रोग्यास कोमट पाण्याच्या टबात तासन् तास बसवून शांत करण्याचा उपाय निघाला होता. त्यात पाण्याची उष्णता सारखी मोजावी लागे. थोडे दुर्लक्ष झाले तर औषधाचा अपाय होई. मन शांत करणारी आजची औषधे १९५२ नंतरची. त्याआधी परिचारिकेचे डोळे, तिची वाणी आणि तिचे लिहिलेले टिपण हीच मोठी साधने होती.

लिंडाबाईंवर असा आक्षेप घेता येईल की, त्या कोठेच फार वर्षे टिकल्या नाहीत. एका जागी मुळे धरण्याआधीच त्या उठत. ह्यात काही तथ्य आहे. आम्हांस शाळा चालविण्याचा थोडा अनुभव असल्यामुळे हेही ठाऊक आहे की, संस्था काढणारा व ती सांभाळणारा हे बहुधा दोन निराळे लोक असतात, आणि दुसऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. त्यांच्या श्रमाने ही इस्पितळे सुधारून गेली असेही म्हणता येणार नाही. रोग्यांची दाटी वाढतच गेली. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती, आणि इतक्यांस पुरतील एवढ्या शिकलेल्या परिचारिका कोठेच नव्हत्या. परंतु हे काम शिकावे लागते व शिकविता येते, ही गोष्ट मात्र ठरून गेली. १९१३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील शाळेने सर्वसाधारण परिचारिकांच्या अभ्यासातच मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा समावेश केला, आणि हळूहळू इतरांनीही तो केला.

आमच्या देशातही आज प्रत्येक परिचारिकेस हा विषय शिकावा लागतो, आणि त्यापुढे ज्यांस ह्यातच राहावयाचे आहे त्यांच्यासाठी एक वर्षाची निराळी पदविका आहे. पुण्यास येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालये आपल्या राज्यात आहेत. शाळा सोडून जाणाऱ्या मुली व मुले आमच्याकडे पुढील मार्ग विचारावयास येतात, तेव्हा ह्या कामाचे नाव काढताच घरच्या मंडळींचे चेहरे उतरतात, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. नर्स झाली तर चालेल, पण तेथे नको, असे म्हणतात. लग्नाचे कसे व्हावयाचे, असेही म्हणतात. ही काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही; वेळी-अवेळीचे काम, अंगावर धावून येणारा रोगी आणि लोकांची तोंडे ही सर्व खरीच आहेत. पालकांनी एवढेच पाहावे की, तेथे शिकलेले मूल जावयाचे नाही असे ठरले, तर तेथे कोण जाते. ज्या घरात असा आजार आला आहे, त्या घरच्यांस ह्याचे उत्तर सांगावे लागत नाही.

१९११ साली, सत्तर वर्षे पुरी होता होता, लिंडाबाईंनी काम सोडिले आणि त्याच वर्षी आपल्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक छापविले. १९२३ साली त्यांस अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलात राहिल्या. एकावन्न वर्षांपूर्वी ज्या इस्पितळात अंकांच्या बाटल्यांतून कोणते औषध देतो हे न कळता त्यांनी रोग्यांस औषधे पाजली होती, तेथेच आता शिकलेल्या परिचारिका त्यांची नाडी मोजून तक्त्यावर लिहीत होत्या. ता. १६ एप्रिल १९३० रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असता, त्यांनी तेथे देह ठेविला.